वजनात बसलेली मुलगी

सर,

काल शाळेत माझा सत्कार झाला आणि तुमच्या फोटोला हार माझ्याच हाताने घालायला लावला. फोटो तोच, काळा गॉगल आणि गळ्यात शिट्टी. मी देशाच्या महिला रग्बी संघातून कसोटी सामने खेळायला परदेशी जाणार, असं गावभर झालं आहे, म्हणून हा सगळा घाट. फाटकावर फ्लेक्स लावला होता. त्यावर माझ्या शेजारी हेल्मेट घातलेला, खांद्यात गाद्या भरलेला एक गोरा माणूस होता. तो अमेरिकन फुटबॉलवाला, तो खेळच वेगळा. रग्बीत हेल्मेट नसतं, गाद्या नसतात, अंगावर जर्सी आणि तोंडात दातांसाठी रबराचा तुकडा, बस. मी छापणाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, बॉल तं सारखाच आहे ना." मग प्रमुख पाहुणे नेहमीसारखे उशिरा आले, पोरं उन्हात बसून राहिली, आणि पाहुण्यांनी सांगितलं की हा हिरा सरांनी घडवला. मला तुमच्याबद्दल दोन शब्द बोला म्हणाले. मी म्हणाले, सरांनी मला शिस्त लावली. टाळ्या पडल्या. बाकीचे शब्द तोंडात तसेच राहिले, ते इथे लिहिते.

आधी हे सांगते की मी जाणार हे अजून नक्की नाही. गावाला घाई असते, निवड समितीला नसते. गेल्या शिबिरात मला डेंगी झाला आणि मी पार उतरले. आमच्या प्रशिक्षक मॅडमनी सुट्टीवर पाठवताना एक आकडा सांगितला. परत येशील तेव्हा एवढं वजन घेऊन ये, नाहीतर पहिल्या ओळीतली तुझी जागा दुसरीला. दुसरी म्हणजे वीस वर्षांची, दणकट, गुडघे नवेकोरे. माझे गुडघे तिशीतले. ही कसोटी हुकली तर पुढची मला कोणी देणार नाही. म्हणून मी घरी बसून खाते आहे. देशासाठी खायचं काम आलं आहे माझ्यावर, आणि तेच मला जमत नाही. ते का जमत नाही हे तुम्हाला नाही सांगायचं तर कोणाला सांगायचं?

तुम्ही आमचे कबड्डीचे सर. म्हणजे कडुनिंबाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले सर. खुर्चीच्या दोन्ही हातांमध्ये तुमचं पोट मावत नसे. पांढऱ्या बुटांना कधी मैदानाची माती लागली नाही. पकड कशी करायची हे तुम्ही बसल्या बसल्या बोटाने दाखवायचात आणि आम्ही ढोपरं फोडून घ्यायचो. तुम्हाला खेळातलं काय कळत होतं हे मला आजही नीट सांगता येणार नाही. वजनातलं मात्र सगळं कळायचं. शालेय कबड्डीत मुलींना वजनाची मर्यादा असते, काट्यावर जास्त भरली की ती बाहेर. मी जास्त भरायचे. तुमचं सगळं शिक्षण तिथून सुरू व्हायचं आणि तिथेच संपायचं. स्पर्धेच्या आधी ऑक्टोबरच्या उन्हात दोन स्वेटर आणि वरून रेनकोट घालून मला शाळेभोवती पळवायचात. बाकीच्या पोरी सावलीत. पाणी प्यायला थांबले की खुर्चीतून आवाज यायचा, "काऊन वं, विहीर आटवतं का? थुंक. तोंडातलं पाणीबी वजनात येते." मी थुंकायचे. थुंकायला काही उरलं नाही की तुम्ही चिंच चघळायला द्यायचात, म्हणजे अजून सुटेल. हे तुम्हाला कोणी शिकवलं होतं कोण जाणे. पण या जिल्ह्यात सगळेच सर असंच करायचे, आणि काट्याजवळ सगळ्याच शाळांच्या पोरी चपला-कानातलं काढून, डोळे खोल गेलेल्या उभ्या असायच्या. खेळ आम्ही त्यानंतर खेळायचो, अंगात असेल नसेल त्यावर.

एकदा मी अशीच पळताना पडले. डोळ्यांपुढे अंधार आला, उठले तेव्हा तुम्ही मोटरसायकल काढली होती. मला मागे बसवून नेलं, रसवंतीवर थांबून उसाचा रस पाजला. स्वतः दोन ग्लास घेतले. घराजवळ उतरवताना म्हणालात, "घरी काही सांगू नको." त्या रसाला मी पुष्कळ वर्षं दया समजत होते. आता समजत नाही. पोरगी मेली असती तर नोकरी गेली असती, एवढाच त्या रसाचा अर्थ.

आणि आमचं स्वयंपाकघर आठवतं का? वडील घरी नसताना तुम्ही आलात, आई चुलीपुढे होती. आईला मास्तर घरी आले याचाच केवढा आनंद. तिने तुम्हाला पाट दिला, बेसन टाकलं, ज्वारीच्या भाकरी थापायला घेतल्या. मी दारात उभी आहे. तुम्ही भाकरी मोडता, बेसनात बुडवता, वर ठेचा घेता, घाम पुसता आणि पुन्हा हात पुढे करता. "वहिनी, बेसन फस्क्लास." आई अजून वाढते. आणि भरल्या तोंडाने तुम्ही तिला सांगता, "पोरीले रातची भाकर बंद करा. लय आडवी होऊन राह्यली. अशी राह्यली तं खेळात बी नाही आन् लग्नात बी नाही." आई म्हणाली, "हाव सर." एवढंच. ती तुमच्याशी वाद घालणार कशी, तुम्ही शिकलेले. त्या दिवसापासून माझ्या ताटात अर्धी भाकरी. मागितली की म्हणायची, "सर रागावतीन वं माय." दिवसभर दुसऱ्याच्या शेतात निंदण करून आलेली बाई, स्वतःच्या पोरीला भाकरी द्यायला एका खुर्चीतल्या माणसाला भीत होती. बेसन फस्क्लास म्हणे!

आपण तालुका जिंकलो तेव्हाचं बक्षीसही लक्षात आहे. कोणीतरी प्रत्येकीला तीन पुडांचा स्टीलचा डबा दिला होता. तुम्ही वाटायला उभे राहिलात. माझी पाळी आली तेव्हा डबा उघडला, दोन पुडं काढून घेतली आणि एक माझ्या हातात ठेवलं. "तुले एवढाच पुरे." सगळ्या हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार. उरलेली दोन पुडं तुमच्या घरी गेली, त्यात तुमच्या बाई लोणचं ठेवायच्या. मी स्वतः पाहिलं आहे. पोरीची चेष्टा करता करता भांडी जमवणारा माणूस, त्याच्या फोटोला काल मी झेंडूचा हार घातला.

तुम्ही गेलात तेव्हा मी अमरावतीला कॉलेजात होते. साखर वाढली होती म्हणे, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं आणि तुम्ही ऐकलं नाही. आईचा फोन आला, ये म्हणाली. मी आले नाही. तेव्हाच आमच्या मैदानावर रग्बीच्या एक मॅडम आल्या होत्या. कबड्डीच्या मुलींकडे पाहून त्यांनी विचारलं की तुमच्यात सगळ्यात भारी कोण आहे. पोरींनी हसून माझ्याकडे बोट केलं. मला वाटलं, झालं, आता स्वेटर. पण त्यांनी मला एका लोखंडी गाड्याला खांदा लावून ढकलायला सांगितलं आणि तो गाडा सरकला. रग्बीत दोन्हीकडच्या आठ आठ जणी खांद्यात खांदा अडकवून वाकतात आणि एकमेकींना रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. पहिल्या ओळीत कडेला जी असते तिच्यावर सगळा भार. ती हलकी असली तर मागच्या सगळ्या कोसळतात आणि मान तिची मोडते. तिथे उभं राहायला जाड बाईच लागते. मला हे ऐकून रडू आलं, उगाच नाही सांगत.

तरीही तुम्ही सुटला नाहीत. दोन वर्षांनी देशाच्या संघाच्या शिबिराला पहिलं बोलावणं आलं. पत्रात लिहिलं होतं, पोचल्यावर वजन घेतलं जाईल. बस, माझं डोकं चालायचं बंद झालं. मी घरून निघण्याआधी जेवण सोडलं. रेल्वेत पाणी प्यायले नाही. शिबिराच्या गेटबाहेर, अनोळखी शहरात, रेनकोट घालून रस्त्यावर पळत राहिले. लोक थांबून बघत होते. काट्यावर उभी राहिले, आकडा कमी भरला आणि मला काय आनंद झाला! मी शिबिराच्या मॅडमकडे हसून पाहिलं. त्यांनी कागद पाहिला, पुन्हा काटा पाहिला. "फॉर्म में तो ज़्यादा लिखा है. बीमार थी क्या?" मी अभिमानाने सांगितलं की नाही मॅडम, मी उतरवलं. ओठ फुटले होते माझे, बोलताना रक्त आलं. त्यांनी कागद खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हमने तुझे वजन के लिए ही बुलाया था, बेटा." त्या शिबिरातून मला परत पाठवलं. पुढलं बोलावणं यायला दोन वर्षं गेली. अशी चूक दुसऱ्या कुठल्या पोरीने केली नसती, सर. ती फक्त तुमच्या हाताखालचीच करू शकत होती.

नंतर मी खेळले. पुष्कळ खेळले, नाक मोडलं, बोटं वाकडी झाली, आणि दर वेळी स्क्रम सरकला की मनात तुमची खुर्ची मागे ढकलली. हे वाचायला वाईट वाटत असेल तर वाटू द्या. पण ताटासमोर बसले की अजून तेच. आता या सुट्टीत आई रोज माझ्यासमोर बसते. अंडी, शेंगदाण्याचे लाडू, तुपात बुडवलेली पोळी. तिसऱ्या भाकरीला माझा हात थांबतो. भूक असते, घास उतरत नाही. आई म्हणते, "खाय ना वं, मॅडमनं सांगतलं ना." मी म्हणते, पोट भरलं. ती माझ्याकडे बघत राहते. परवा एकदम म्हणाली, "मीच तोडली तुही भाकर. सर म्हणले अन् म्या आयकलं." मी तिला गप्प केलं आणि उरलेली भाकरी तिच्यासमोर संपवली, दूध घालून, कुस्करून, डोळे मिटून. तुम्ही एका दुपारी फुकटचं जेवून गेलात आणि ही बाई इतकी वर्षं ते मनात धरून बसली आहे. माझं काय केलंत ते एक वेळ राहू द्या. तिच्यासाठी मी तुम्हाला माफ करणार नाही.

आज सकाळी बाजारात भुसार दुकानावर गेलो, आई आणि मी. घरचा काटा कुठला आमच्याकडे? दुकानदार सोयाबीनची पोती उतरवत होता. मला पाहून म्हणाला, "या ताई, आज तुमचाच भाव काढू." मोठ्या काट्यावर मला उभं केलं आणि आकडा साऱ्या बाजाराला ऐकू जाईल असा ओरडून सांगितला. मॅडमनी सांगितला होता त्याच्या वर अर्धा किलो. आईने पदर तोंडाला लावला. "भरलं का वं?" "भरलं." दुकानदाराने तिला गूळ दिला, तिने तो लगेच माझ्या तोंडात घातला. आता शिबिराच्या काट्यावरही एवढंच भरलं की जागा माझी. त्या नव्या पोरीला थांबावं लागेल, तिचे गुडघे टिकतील.

उद्या पहाटेच्या गाडीने निघते. हे कागद जाण्याआधी फाडून टाकीन, कारण आईच्या हाती लागलेले चालणार नाहीत. ती स्वतःला दोष देते, तुम्हाला अजूनही चांगला माणूस समजते. आणि पाठवायचं तरी कुठे? तुमच्या घरात आता मोबाइलचं दुकान आहे.

एक मात्र सांगते. आज त्या काट्यावर चढण्याआधी मी चपला काढल्या, कानातलं काढून आईच्या हातात दिलं आणि पोट आत ओढून सगळा श्वास सोडला. मला वजन जास्त भरायला हवं होतं, सर.