कुलसचिवांच्या चाकाशी भोपळा

तीर्थस्वरूप आत्यास,

साष्टांग नमस्कार. (पत्रातच. मुळे उपटून पाठ धरली आहे, त्याचं पुढे येईल.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढतेस का? लगेच उत्तर दे असं म्हणणार नाही, पण मी पत्रपेटी दिवसातून दोनदा उघडणार आहे. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. कुकरची शिट्टी होईपर्यंत मला दम धरवत नाही, आणि अशा माणसाने बाग सुरू केली आहे.

आमच्या विद्यापीठात ग्रंथालयामागे एक पडीक तुकडा होता. कुलसचिवांना तिथे गाड्या लावायला जागा हवी होती. मी भर सभेत उठून म्हणालो, तिथे सगळ्यांची मिळून बाग करू. (बोलायचं काहीच ठरवलं नव्हतं. पायाला मुंग्या आल्या म्हणून उभा राहिलो, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले.) कुलसचिव म्हणाले, सत्र संपताना तिथे काही जिवंत दिसलं तर जागा तुमची, नाहीतर खडी टाकून सपाट करतो.

आता मी पडलो ग्रंथपाल. रोपं कुठल्या क्रमाने लावायची यावर तासभर वाद झाला, तेव्हा मी म्हणालो, अकारविल्हे लावू, कुणालाही चटकन सापडतील. सगळ्यांना पटलं. (अकरा प्राध्यापक होते, आत्या. एकालाही शंका आली नाही. वनस्पतिशास्त्राच्या बाई रजेवर होत्या.) त्यामुळे भोपळ्याला खेटून मिरची आणि मुळा आले. मिरची त्याने पंधरा दिवसांत झाकून टाकली. मुळ्यांचं वाटोळं मात्र मी केलं. केवढे झाले ते बघायला रोज सकाळी उपटायचो आणि परत खोचायचो. काकडी तत्त्वज्ञानाच्या सरांकडे सोपवली होती, तिला पाणी घालावं की नाही याचा ते अजून विचार करत आहेत.

थोडक्यात, उरला भोपळा. तो कुंपण ओलांडून गेला आणि पलीकडे कुलसचिवांची गाडी उभी होती. ते तीन आठवडे प्रशिक्षणाला गेले आहेत. वेलाने मागच्या चाकाला विळखा घातलाय आणि टायरला टेकून एक भोपळा धरला आहे. गाडी हलली की तो गेला. वेल कापला तर बागेत हिरवं पानसुद्धा उरत नाही, आणि सत्र याच आठवड्यात संपतंय. खिशात कात्री घालून मी तीन दिवस गाडीभोवती फेऱ्या मारतोय. पहारेकऱ्याला माझा संशय यायला लागला आहे.

बाकी ठीक. औषधं वेळेवर घे.

तुझा उतावळा भाचा

ता.क. सोमवारी कुलसचिव परत येणार. चौथीत तू त्यांना शिकवलं होतंस आणि अजून तुझं नाव निघालं की खुर्चीत ताठ बसतात. तर तू रविवारीच ये आणि सोमवारी सकाळी गाडीपाशी नुसती थांब. काही बोलू नकोस. गुडघ्यासाठी स्टूल ठेवतो.

ता.क. दुसरा. येऊ नकोस. पत्र टाकायला निघालो तर ते आजच आलेले, गाडीपाशी उकिडवे बसून पान उचलून बघत होते. "पिकायला किती दिवस लागतील?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, एक महिना. त्यांनी गाडीतून छत्री काढली आणि बसथांब्याकडे चालायला लागले. आता मुद्द्याचं. महिना हे मी तोंडाला आलं म्हणून सांगितलं. भोपळ्याला खरोखर किती दिवस लागतात, उलट टपाली कळव. त्यांच्या घरून इथे यायला दोन बस बदलाव्या लागतात.