तव्यापलीकडचा ठिपका

मिस, आज मी भर दुपारी चांदमारी बंद केली आणि पोरींनी तोंडं फुगवली. कुणाला तरी सांगावंसं वाटलं, आणि तुमच्याशिवाय दुसरं कुणी आठवेना.

आरेच्या मागच्या बाजूला टेकडीच्या पायथ्याशी नेमबाजीच्या सरावाची ती जुनी चांदमारी अजून आहे. दर मे महिन्यात मी तिथे मुलींना लांब पल्ल्याची रायफल शिकवते. तीनशे मीटरवर निशाणाची पाटी, मध्ये वाळून पिवळं पडलेलं गवत, आणि नऊ वाजले की जमिनीवरून उठणारी ती झळ. पाटी पाण्यात पडल्यासारखी हलायला लागते. नव्या मुली म्हणतात, "मॅडम, रायफलच खराब आहे." मला हसू येतं, कारण तुमच्याकडे शिकायला आले त्या पहिल्या उन्हाळ्यात मीही तुम्हाला तेच म्हणाले होते. तुम्ही रायफल हातात घेतली, उलटसुलट केली आणि म्हणालात, "रायफल बरी हाय. तुझे डोले घाई करतात. रविवारी घरी ये."

मरोळच्या गावठाणातलं तुमचं स्वयंपाकघर मला आजही जसंच्या तसं दिसतं. खाली गार लादी, खिडकीत क्रूस आणि त्याच्या शेजारी मिरच्यांची बरणी. तुम्ही समोरच्या भिंतीवर पेन्सिलीनं एक ठिपका काढता, शेगडी जमिनीवर मांडता, तिच्यावर रिकामा तवा तापत ठेवता आणि मला लाकडी बंदूक देऊन पालथं झोपायला सांगता. तव्यावरून गरम हवा उठते, ठिपका थरथरतो. मग तुम्ही पंखा लावता आणि ती थरथर एका अंगाला वाहायला लागते. "दिसला? वारा असा दिसतो. ठिपका जातो तिथं नाय गो बघायचं, हवा कुठं जाते ती बघ." मी बघत राहते. घाम नाकावरून लादीवर टपकतो. तुमची मांजर नळीवरून उडी मारून जाते आणि तुम्ही मलाच ओरडता, "हललीस!" नंतर त्याच तव्यावर तुम्ही बोंबील तळलेत. दोघी लादीवर बसून जेवलो. माझ्या घरी कुणी मला इतका वेळ दिला नव्हता, मिस. आई कामावर जायची आणि गिरणी सुटल्यापासून बाबा गप्पगप्पच असायचे.

राज्याच्या संघाची निवड पुढच्या मे महिन्यात होती. अंगात नेमबाजीचं ते जाड जॅकेट, वर ऊन, आणि माझं निशाण त्या दिवशी असं लागत होतं की मागच्या मुली टाळ्या वाजवत होत्या. थोड्याच गोळ्या उरल्या होत्या. तेवढ्यात तुम्ही माझ्या मानेवर हात ठेवलात.

"ऊठ."

"मिस, संपतच आलंय. प्लीज."

"रायफल खाली ठेव आणि ऊठ."

मला राग आला, पण शब्दच नीट जुळेनात. माझा घाम आटला होता आणि त्या उन्हात अंगावर काटा येत होता. ऊन लागलंय हे मला कळलं नव्हतं, तुम्हाला कळलं. तुम्ही जॅकेट ओढून काढलंत, मला झाडाखाली नेऊन अंगावर बादल्या ओतल्यात, रिक्षात घालून दवाखान्यात नेलंत. संध्याकाळी शुद्धीवर नीट आले तेव्हा संघाची नावं लागून गेली होती आणि माझं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाबा मला घेऊन तुमच्या दारात आले. बाबांचा आवाज इतका चढलेला मी आधी ऐकला नव्हता. "माझ्या चेडवाचां नाव गेलां, बाई! वरीसभर राबलां ह्यां उन्हातान्हात!" मी त्यांच्या मागे उभी, मनातून त्यांच्याच बाजूची. तुम्ही वाद घातला नाहीत. खुर्ची पुढे केलीत, पाणी दिलंत आणि म्हणालात, "नाव परत येल हो. पोरगी परत येल का?" बाबा तिथंच बसले आणि रडायला लागले. खूप दिवसांचं साचलं होतं त्यांचं, नुसतं माझं नव्हतं.

नाव पुढच्या वर्षी आलं. पदक नाही आलं, पण या कामाची वाट तिथूनच सापडली. तुम्ही गेलात तेव्हा मी पोटुशी होते, गावी होते; मातीलाही येता आलं नाही. गावठाणातलं तुमचं घर आता पाडलंय, तिथं इमारत उभी राहतेय.

आज शिबिरातल्या स्पर्धेची शेवटची फेरी होती. माझी सगळ्यात तयारीची मुलगी, घाटकोपरची, रिक्षावाल्याची लेक, नेम धरून पडलेली. तिनं गोळी झाडली आणि मला विचारलं, "मॅडम, कुठली पाटी माझी?" सकाळपासून तीच पाटी होती. मी शिट्टी मारली, सगळ्यांना रायफली खाली ठेवायला लावल्या. वरचे साहेब म्हणाले, "अहो, पाहुणे बघायला आलेत, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे." मी म्हटलं, "साहेब, बंद म्हणजे बंद." मुलीला सावलीत नेलं, ओल्या पंच्यानं पुसलं, पाणी पाजलं. तासाभरात ती ठणठणीत झाली आणि माझ्यावरच उखडली. "मला काही झालं नव्हतं! वाट लावली तुम्ही माझी." जाताना तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

कदाचित तिला खरंच काही झालं नसतं. हे मला कधीच कळणार नाही. तुम्हाला माझ्याबद्दल खात्री होती का, मिस? मी इतकी वर्षं धरून चालले होते की होती.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला पत्ताही उरला नाही. मुली घरी जाऊन सांगतील, मॅडम फार कडक आहेत. पण शिट्टी तोंडात धरली तेव्हा मला झाडाखालच्या त्या बादल्याच आठवत होत्या. मी नुसती घाबरले होते.