आशालताच्या अस्थी आणि दोघांच्या सह्या

मी, मधुकर रामचंद्र पांचाळ, वय एकोणऐंशी, राहणार जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन, हे मृत्युपत्र माझ्या हाताने मराठीत लिहीत आहे. शाळा सातवीपर्यंत झाली, तेव्हा चुका असतील. पण डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे आणि तो हरवेल या भीतीने मी त्याच्या प्रती काढून घरात ठिकठिकाणी ठेवल्या आहेत. कोणी जबरदस्ती केलेली नाही. झोप मात्र लागत नाही, आणि हे लिहून झाल्यावर लागेल असं वाटतं. याचं इंग्रजी वकील सिद्धी नाडकर्णी करून देणार आहेत.

माझ्यामागे दोन मुलं आहेत. थोरली मुग्धा, ऑकलंडला अल्बनीत राहते, फार्मासिस्ट आहे. धाकटा नितीश, कंप्युटरचं काम करतो, माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतो. पत्नी आशालता मागच्या जुलैत वारली. तिच्या दहाव्यापासून ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललेली नाहीत.

१. घर. चिंचवडची जागा विकून घेतलेलं हे दोन खोल्यांचं घर दोघांना निम्मं निम्मं. मागची खोली ओली असते. खिडक्यांच्या काचा रोज सकाळी पुसाव्यात, नाहीतर लाकूड काळं पडतं. इथे थंडी दक्षिणेकडून येते. तो वारा सुटला की आशालता म्हणायची, "यमाने दार उघडं टाकलंय, कोणीतरी लावा हो!"

२. बँकेतले पैसे आधी माझ्या दहनाला. उरतील ते दोघांना सारखे. भांडण्याइतके नाहीत.

३. हत्यारं. फाउंड्रीत लाकडी साचे करत होतो तेव्हापासूनचे रंधे, पटाश्या आणि गिरमिट नितीशला. तो वापरणार नाही, ठाऊक आहे. निदान तेल लावावं, इथल्या हवेत लोखंड टिकत नाही. मोठी करवत माझे मित्र तुकाराम शेलार यांना द्यावी. त्यांनी ती मागून नेली आणि दात मोडून परत आणली. आता ती त्यांनाच शोभते.

४. देवघर. शेजारच्या पाडलेल्या घराच्या रिमू या इथल्या लाकडाच्या फळ्यांतून मी केलेलं देवघर आणि त्यातले देव नात सुखदा हिला. ती नितीशची मुलगी. दिवा लावायला सांगितलं की विचारते, "आजोबा, डू आय हॅव टू शॉवर फर्स्ट?" पण लावते. पुढे लावावासा वाटला नाही तर त्यात रंगपेट्या ठेवाव्यात. देवांना राग येणार नाही. आला तर माझ्यावर येऊ दे.

५. दहाव्याबद्दल. हे नीट लिहितो, कारण सगळं इथूनच बिघडलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या माणसाची इच्छा उरली नाही, असं आपण धरतो. शिवला नाही तर घरचे मोठ्याने शब्द देतात, तुझं हे करू, ते करू, आणि वाट बघतात. आमच्या या भागात कावळाच नाही. तरी टिटाही बेच्या किनाऱ्यावर खडकावर पिंड ठेवला. थंडी अशी की जोडलेले हात सुटेनात. कुंपणावर एक मॅगपाय पक्षी होता, काळा-पांढरा.

तुकाराम म्हणाले, "अर्धा तरी कावळा आहे, चालवून घ्या."

तो काही आला नाही. नितीश म्हणाला, "आई, बाबांची काळजी करू नकोस, मी आहे." काही नाही. मग मुग्धा रडत म्हणाली, "आई, तुझ्या अस्थी मी नाशिकला नेते, गोदावरीत सोडते." तेवढ्यात एक सीगल झडपला आणि अख्खा पिंड घेऊन गेला.

मुग्धा म्हणाली, "बघा, हेच हवं होतं तिला!"

"ताई, सीगल आहे तो. मागच्या आठवड्यात सुखदाच्या हातातल्या चिप्स नेल्या. त्या चिप्सचीही इच्छा होती का?"

"आईच्या दहाव्याला थट्टा सुचते तुला?"

"आणि तुला आई दहाव्यालाच आठवते. विमानाने यायचं, रडायचं, हुकूम सोडायचे. मला म्हणाली होती ती, इथल्याच समुद्रात सोड."

"खोटं! मला म्हणाली होती नाशिक."

सुखदा मध्ये पडली, "कॅन यू गाइज स्टॉप? आजोबा थरथरतायत." दोघं दोन गाड्यांनी परत गेली.

६. अस्थी. मी शपथेवर लिहितो की दोघांचंही खरं आहे. दोन्ही वेळा मी तिथेच होतो. नितीश तिच्या पायांशी गरम पाण्याची पिशवी ठेवत होता, तेव्हा ती म्हणाली, "मला कुठे फिरवत बसू नकोस रे, इथेच सोड, तुझी रजा वाचेल." मुग्धाचा फोन आला तेव्हा तिला म्हणाली, "नाशिकला ने गं मला, तेवढीच आपली दोघींची सहल." फोन मीच तिच्या कानाला धरला होता. नंतर मी विचारलं, "यातलं तुझं काय?" तर म्हणाली, "दोघांचं मन राखलं. आता तुम्ही बघा." मी बघतोच आहे.

हे मी दोघांना सांगितलं. नितीश म्हणाला, तुम्ही ताईचं ओढता. मुग्धा म्हणाली, तुम्हाला त्याच्याजवळ राहायचंय म्हणून त्याचंही खरं म्हणता. मृत्युपत्रात कोणी खोटं लिहीत नाही, निदान इथे तरी विश्वास ठेवावा.

अस्थींचा कलश गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात आहे, टॉवेलांच्या वरच्या फळीवर. अस्थी घरात ठेवू नयेत म्हणतात, त्याची मला फार धास्ती आहे. पण घरात तेवढीच जागा कोरडी आणि उबदार, आणि तिला थंडी सोसत नव्हती. रोज सकाळी टॉवेल काढताना मी तिला सांगतो, अजून काही ठरलं नाही. घर निम्मं करा, पैसे निम्मे करा, तिला निम्मी करू नका. समुद्र की नाशिक हे दोघांनी मिळून ठरवावं, दोघांनी मिळून कलश उचलावा. तोपर्यंत घर विकू नये.

७. मृत्युपत्राची अंमलबजावणी मुग्धा आणि नितीश या दोघांनी एकत्र करावी. एकट्याची सही कुठेही चालणार नाही. वकीलबाई म्हणाल्या, "काका, असं नका करू. दोघं भांडतील, वर्षानुवर्षं काम अडेल."

मी म्हटलं, "भांडू द्या. भांडायला तरी बोलावं लागेल."

त्यांनी पुन्हा विचारलं, "आणि नाहीच बोलले तर?"

त्याचं उत्तर आता लिहितो. माझ्या दहाव्याला पिंड ठेवू नये, कुठल्या पक्ष्याची वाट पाहू नये. माझी इच्छा काय ते या कागदावर आहे. ती पुरी झाली नाही, तर माझाही कलश त्याच कपाटात तिच्या शेजारी ठेवावा आणि दार लावून घ्यावं. आम्ही दोघं वाट बघू.

हे मी वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांसमोर सही केली. दोघांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या. यातलं काहीही त्यांच्या वाट्याला येत नाही.

(सही) मधुकर रामचंद्र पांचाळ

साक्षीदार:
(सही) सिद्धी नाडकर्णी, वकील
(सही) समीर गोडसे, शेजारी

जॉन्सनव्हिल, वेलिंग्टन
१२ जून २०२५