करपलेली भट्टी

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तुमची खुशाली कळवणे.

ठीक म्हणजे कसलं ठीक! त्या तापाने माझी वास घ्यायची शक्ती नेली ती नेलीच. बाबांनी बेकरी माझ्या हाती दिली ती माझ्या नाकाच्या भरवशावर. पाव झाला की मला बाहेर गल्ल्यावर बसून कळायचं. आता घड्याळ बघून भाजते. ह्यांना भट्टीपाशी उभं केलं, तर हे कच्च्यालाही छान म्हणतात आणि जळक्यालाही. इतकी वर्षं माझ्या हातचं सगळं छान म्हणायची सवय लागलीय ना. परवा एका गिऱ्हाइकाने पाव परत आणला. आत कच्चा होता. मेल्याहून मेल्यासारखं झालं रे.

तेव्हा महिनाअखेरीस भट्टी विझवायची, असं ठरवलंय. दुकान घ्यायला एक जण तयार आहे.

भावजयीला आशीर्वाद. नाक गेलं तरी ताई तीच आहे, माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. ज्या नाकाने माझी पहिली सिगरेट गल्लीच्या टोकावरून पकडली आणि मला बाबांचा मार खायला लावला, ते असं हात टेकतं म्हणजे काय? इथल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नाकाला पुन्हा शिकवावं लागतं, रोजच्या रोज वास द्यावे लागतात. म्हणून माझ्या सुतारकामाच्या शेडमधून डब्या भरून पाठवतोय. लाकडाचा भुसा, संत्र्याची साल, लवंग, साबण आणि आणखी एक गंमत. नावं लिहिलेली नाहीत, कारण तू वाचून वास आला म्हणशील. तुला मी ओळखून आहे.

महिना संपेपर्यंत त्या माणसाला शब्द देऊ नकोस, एवढं ऐक. भाऊजींना सांग, एकदा तरी वाईट म्हणून बघा.

आगाऊपणा तुझ्याच लाडाने वाढलाय, तो चालवून घ्यावा.
तुझा धाकटा

२७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या डब्यांनी काही झालं नाही. एक डबी मात्र मी डोळे मिटून बराच वेळ नाकाशी धरली आणि ह्यांना म्हटलं, फुलासारखं काहीतरी जाणवतंय. ह्यांनी हुंगली आणि अंगणात पळाले. जुना मोजा पाठवतोस बहिणीला? भेट तू, मग बघते.

काल तो दुकान घेणारा येणार होता. शेवटचे पाव भट्टीत सरकवून मी गल्ल्यावर त्याची वाट बघत बसले. मन कशातच नव्हतं. आणि नाकाच्या मुळाशी काहीतरी टोचलं. कडवट. पाव करपत होता, धाकट्या, आणि ते मला घड्याळाने सांगितलं नव्हतं! धावत आत गेले, भट्टीच्या दाराच्या कडीला हात घातला आणि तो तिथेच थांबला. दार उघडलं आणि वास निघून गेला तर? मी नुसती उभी राहिले, हुंगत. कडवटपणाखाली पावाच्या भाजल्या सालीचा वास होता, त्याच्याही खाली पिठाचा. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

धूर बघून हे धावत आले, दार उघडलं. सगळे पाव कोळसा! त्यातला एक उचलून, लग्नानंतर प्रथमच, हे म्हणाले की हा काही खाण्यासारखा नाही. तेवढ्यात तो माणूस दारात. मी त्याला हसत-रडत सांगितलं की बेकरी द्यायची नाही. बिचारा सुटलो म्हणून गेला असेल.

त्यातलाच एक पाव पाठवतेय. टाकशील तर याद राख.
तुझी ताई

७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पाव पोचला. हिने तो सरपणात ठेवला होता, मी वेळीच काढला. शेडमध्ये नेला तर एकाने ठोकून विचारलं, कुठलं लाकूड? मी छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं की माझ्या ताईने करपवलाय, आणि करपताना तिला कळत होतं. कोणाला काही उमगलं नाही, पण मी दिवसभर सांगत सुटलो.

मग एकटा बसून एक तुकडा मोडला. कडूजहर आहे गं. अख्खा संपवला.

तुझा धाकटा