दारात आलेला बैल

वैशाखरे

प्रिय पूजा, माशांच्या आई,

रिकामे बॉक्स जीपने कल्याणला पाठवतेय, तिथून कुरियरने तुझ्या लॅबला. सगळ्यात वरच्या बॉक्समध्ये हे पत्र आहे. मेसेज केला असता, पण मेसेज टाइप करायला घेतला की माझं सगळं रिपोर्टसारखं होतं, आणि रिपोर्ट तर तुझ्याकडे आधीच आलाय. ग्राफ पाहिलाच असशील. किडे पडलेल्या गुरांची पौषापर्यंत खाली खाली येणारी लाइन, आणि मग एकदम वर. सरांनी साइट बंद केली, बरोबरच केलं. पण त्या ग्राफमध्ये गिरजामावशीचं वासरू म्हणजे फक्त एक ठिपका आहे, आणि मला ते तसं राहू द्यायचं नाहीये. इंग्लिश मीडियमचं मराठी आहे, चुका काढत बसू नकोस.

आठवतं, पहिला बॉक्स आला तेव्हा मी तुला व्हिडिओ कॉल केला होता? मी अख्ख्या गावाला गोळा केलं होतं. म्हटलं, ही जी माशी गुरांच्या जखमेत अंडी घालते ना, ती मादी आयुष्यात एकदाच नर घेते. आमच्या लॅबमध्ये नरांचे जीन असे बदललेत की त्यांच्याशी जुळलेल्या मादीची अंडी फुटतच नाहीत. जखमेत किडेच पडणार नाहीत. नामदेवकाका, ज्यांच्या पडवीत आपले बॉक्स ठेवायचे, ते म्हणाले, "म्हणजे माशा कमी करायला माशा आणल्यास? आमच्याकडे काय कमी हायेत काय? हितल्याच घेऊन जा ना पोती भरून." आणि त्यांची बायको, हिराकाकी, पदर तोंडाला लावून, "आवो, नसबंदी ती. आमच्या टायमाला माणसांची केली, आता माशांची. सरकारला कायतरी काम पायजे." सगळे इतके हसले की मी पण हसत सुटले. तेव्हापासून माझं नाव माशीवाली. एसटीचा कंडक्टरसुद्धा ओरडतो, माशीवाली उतरा. मला ते खरं तर आवडायचं.

गिरजामावशी गावाच्या कडेच्या वाडीत राहते. त्या लोकांना शेत नाही, दिवाळीनंतर अर्धी वाडी वीटभट्टीवर जाते. मावशी या वर्षी गेली नाही, कारण तिची गाय गाभण होती. आधीच्या वर्षी त्याच गाईचं पहिलं वासरू बेंबीत किडे पडून गेलं होतं. म्हणून बॉक्स आला की गावातला कोणी यायच्या आधी ती हजर. एकदा झाकण उघडल्यावर हळूच म्हणाली, "यातला एक माझ्या गोठ्याकडे सोड गो. मी नाय सांगणार कोणाला." मी सांगितलं, एक कशाला, सगळेच सगळ्यांसाठी आहेत. तिला ते पटलं नाही. सगळ्यांसाठी म्हणून आलेलं काही वाडीपर्यंत पोचतं, असा तिचा अनुभव नव्हता.

डिसेंबरमध्ये तू म्हणालीस ना, की न फुटलेल्या अंड्यांचे रिझल्ट बघून रडू आलं, त्या आठवड्यात मी हवेत होते. फक्त एकच भीती होती, म्हशाची यात्रा, पौषातला गुरांचा मोठा बाजार. तिथे कुठून कुठून बैल येतात, आणि त्यांच्या जखमांतले किडे आपल्या एरियाचे नसतात. म्हणून मी मीटिंग लावली. गाव आणि वाडी एकत्र, देवळासमोर एकाच सतरंजीवर. तसं आधी कधी झालं नव्हतं म्हणे. ठरलं की यात्रेतून जनावर आणलं तर गावाबाहेर आंब्याखाली बांधायचं, मी तपासल्याशिवाय गोठ्यात न्यायचं नाही. नामदेवकाकांनी स्वतः उभं राहून शब्द दिला.

आणि पूजा, त्यांनी शब्द पाळला. मी मुरबाडहून परत आले तेव्हा त्यांची नवी खिलारी जोडी आंब्याखालीच बांधलेली होती. काका अभिमानाने उभे. "बघ माशीवाली, बांधले की नाय बाहेर?" पण दोघांच्या कपाळावर कुंकू होतं, शिंगांना गोंडे होते, पाठीवर झूल होती. इथली रीत अशी की नवी जोडी बांधायच्या आधी दारोदार फिरवायची. प्रत्येक दारात पायावर पाणी, ओवाळणी, भाकरीचा तुकडा. मी मीटिंगमध्ये बांधण्याबद्दल बोलले होते, फिरवण्याबद्दल कोण बोललं? त्यांच्या डोक्यात त्या दोन वेगळ्याच गोष्टी. बांधणं म्हणजे गोठ्याचं काम, ओवाळणं म्हणजे पाहुण्याचा मान. मी एकाची झूल उचलली आणि वास आला. वशिंडाच्या मागे दोरीने कापलेली जखम होती, आतून हलत होती. पिकलेले किडे जखमेतून खाली पडतात, मातीत शिरतात आणि आठवडाभराने माशी होऊन वर येतात. ते दारोदार पडले होते. त्यातल्या नर-माद्या इथेच जुळणार होत्या, आणि आपले नर त्यांच्या मानाने मूठभर.

मी विचारलं, कुठपर्यंत नेली जोडी? हिराकाकी म्हणाली, "सगळीकडे. वाडीत पण नेली. यंदा ते आपल्याबरोबर सतरंजीवर बसले, मग त्यांनाच कसं सोडायचं?"

वाडीत याआधी कोणाचीच जोडी गेली नव्हती. गिरजामावशीने दार सारवून ठेवलं होतं. ओवाळायला निरांजन नव्हतं, तर पणती घेतली. तो जखमेचा बैल तिच्याच दारात सगळ्यात जास्त वेळ थांबला, कारण तिने त्याला तुकडा नाही, आख्खी भाकर दिली.

वासरू झालं त्या दिवशी तिने गोठ्याला चारी बाजूंनी साड्या बांधल्या. तरी बेंबीत किडे झाले. आम्ही दोघींनी चिमट्याने काढले, टर्पेंटाइन घातलं, तिने सीताफळाचा पाला वाटून लावला. डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेले. पण आत पोटापर्यंत गेलं होतं. शेवटी ते मान सुद्धा उचलत नव्हतं, आणि ती त्याच्या कानाशी काय काय बोलत होती. पुरून आल्यावर अंगणात बसलो तेव्हा माझी समजूत काढायला म्हणाली, "जाऊ दे गो. यंदा वासरू नाय राहिलं, पण नामदेवचा बैल माझ्या दारात आला होता. लोकांनी पाह्यलं."

ते किडे त्याच बैलाचे होते, हे तिला माहीत नाही. वाडीत कोणालाच माहीत नाही. काकांना मी सांगितलं, ते तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, आणि वाडीकडे तर फिरकतच नाहीत. यात्रेच्या दिवसांत बॉक्स आला नव्हता, मावशीला वाटतं की म्हणूनच किडे आले. आता गाईच्या मागच्या अंगाला, व्यायली तिथे, जखम आहे आणि माशा बसायला लागल्यात. ती रोज विचारते, पुढचा डबा कधी? साइट बंद झाली म्हटलं तर का विचारेल, आणि मला त्या का-चं उत्तर द्यावं लागेल. खोटं मला जमत नाही, तुला माहिती आहे. खरं सांगितलं तर तिच्याकडे गाय पण राहणार नाही आणि बैल दारात आला तो दिवस पण राहणार नाही. म्हणून हे पत्र. लॅबमध्ये जे काही नर उरले असतील ते एका बॉक्समध्ये भरून पाठव, सरांना न विचारता. त्या नरांनी आता काहीही होणार नाही, हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे. आज ती दारात उभी होती, तिला बघून माझ्या तोंडून निघून गेलं. मी तिला गुरुवार सांगितलाय.

तुझीच, आणि बहुतेक आता इथलीच,
मनस्वी