आबांची माळ आणि पांडा

१२ ऑगस्ट, मार्गासनी

डॉक्टरांनी आज पुन्हा बजावलं, सासऱ्यांना रोज दोन अंडी द्या. पण आबा माळकरी. कशी देऊ? उठवताना त्यांचं मनगट हातात आलं, नुसतं हाड.

शेवटी आज वर्गात शिकवलेलंच त्यांना सांगितलं. पांडाचं पोट मांस खाणाऱ्याचं, पण खातो बांबू. तो नीट पचत नाही, म्हणून दिवसभर चघळत बसतो, तेव्हा कुठे जगतो. तुम्ही तर दोन घासांत ताट बाजूला सारता! वाटलं होतं, अंड्यांचं पटेल.

आबा खुदकन हसले. "त्याच्या बी गळ्यात माळ आसंल, सूनबाई."

मलाही हसू आलं. बांबूच्या कोंबाचीच भाजी वाढली.