कपाटाबाहेर गेलेलं चित्र

४ फेब्रुवारी
आले एकदाची! दुसऱ्या मजल्यावरची ही खोली आजपासून माझी. तीन बुटकी टेबलं, कितीही घासलं तरी निळंच राहणारं सिंक, मातीचं पिंप आणि एक कुलपाचं कपाट. ज्या मुलांना बोलून सांगता येत नाही त्यांनी इथे यायचं, रंगवायचं, माती थापायची, मनातलं बाहेर येऊ द्यायचं. मी सोबत बसायचं. याला नोकरी म्हणतात यावर आईचा अजून विश्वास बसलेला नाही.

मोठ्या बाईंनी किल्ली देताना एकच नियम सांगितला. चित्र मुलाचं. त्याने हो म्हटल्याशिवाय ते कपाटाबाहेर जायचं नाही, आईबापांनासुद्धा दाखवायचं नाही. मी मान डोलावली. एवढं काय त्यात!

८ फेब्रुवारी
नऊ वर्षांची एक मुलगी येते. सहा महिने झाले, तोंडातून अवाक्षर नाही. आई आणून सोडते आणि बाहेरच्या बाकावर बसून राहते, एवढ्या उकाड्यात गळ्याभोवती ओढणी घट्ट. साफसफाईच्या मावशींनी मुलीचं नाव गोगलगाय ठेवलंय. गोगलगाय अन् पोटात पाय, जपून राहा हो ताई, असं मला बजावून गेल्या. जपायचं काय कपाळ! पोरगी पाण्याचा डबासुद्धा विचारून हलवते, तेही डोळ्यांनी. माझा जीव जडलाय तिच्यावर.

१५ फेब्रुवारी
सलग चौथं चित्र, पुन्हा तेच. टेबल. टेबलाखाली आडवी बाई. शेजारी बिनचेहऱ्याचा उंच माणूस, हात गुडघ्यांच्याही खाली. लाल रंगाची बाटली एका बैठकीत संपवली पोरीने. मी फाइलमध्ये दीड पान लिहिलं. लाल म्हणजे साठलेला राग, माणूस म्हणजे नाव नसलेली भीती, आडवी बाई म्हणजे आईपासून तुटल्याची भावना. वाचून माझी मीच खूश झाले. मोठ्या बाई म्हणाल्या, आधी पोरीला विचार, मग लिही. जरा हिरमोडच झाला.

१९ फेब्रुवारी
आज वडील आले. तसबिरी आणि काचा बसवून देण्याचं त्यांचं दुकान आहे. बोटांवर कापल्याचे व्रण, बोलणं मात्र लोण्याहून मऊ. लेकीचा आवाज ऐकायला कान आसुसलेत, निदान तिचं एखादं चित्र तरी बघू द्या, असं म्हणताना रडले. बाप रडताना मला बघवेना. चौथं चित्र काढून दाखवलं, फाइलमधलं सगळं समजावूनही सांगितलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग हा माणूस कोण, म्हणून विचारलं. मी म्हटलं, तिची भीती. ते हसले. फ्रेम करून आणतो म्हणाले, मी देऊन टाकलं. नियम मोडला खरा, पण चांगल्यासाठीच ना.

२१ फेब्रुवारी
आज सोडायला वडील. आई माहेरी गेलीय म्हणाले.

मुलीने कपाटातली आपली चित्रं काढली. तीनच. माझ्याकडे वळली आणि हातातली पेन्सिल माझ्या दंडात खुपसली. उपसली, पुन्हा खुपसली. तोंडातून आवाज नाही, डोळ्यांत पाणी नाही. मावशींनी ओढून काढेपर्यंत टोक आत मोडलं होतं. चार टाके पडले. मी तिच्यावर ओरडले. तिला वडिलांबरोबर घरी पाठवून दिलं.

२२ फेब्रुवारी, सकाळ
फ्रेम आली. चित्राभोवतीचा पांढरा जाड कागद असा कापलाय की टेबल दिसतं, माणूस दिसतो, बाई दिसत नाही. मी विचारलं. मापात बसत नव्हती, म्हणाले. लेकीला सोडून निघून गेले.

मागचे खिळे उपटले. बाई तिथेच आहे, कागदाखाली. गळ्यापासून पोटापर्यंत पात्याने फाडलेली. वर तपकिरी डाग. आमच्याकडचा लाल वाळून असा होत नाही. याला वास येतोय.

माझ्यामुळे. पोरगी सगळं सरळ सांगत होती, आणि मी त्यावर दीड पान —

साडेअकरा
मोठ्या बाईंनी सकाळीच कळवलं होतं, आता पोलिसांचा फोन. आई सापडली. दुकानात, काच कापायच्या टेबलाखाली. दोन गोण्यांत.

तो सापडलेला नाही. पाहणारी एकटी पोरगीच आहे. आता तिला —

मोठ्या बाई आणि मावशी खाली पुढच्या फाटकाशी, पोलिसांची वाट बघत. आम्ही दोघी वर. दाराची वरची अर्धी बाजू काचेची, पण कडी आतून घातलीय. ती समोर बसलीय. मी लिहितेय, दुसरं काही सुचत नाही.

पावणेबारा
तिने कागद मागितला. तोंडाने! सहा महिन्यांत पहिला शब्द. मला रडूच आलं.

काढतेय. आमची तीन टेबलं. सिंक. मी, पाठमोरी नाही, समोरून. माझ्यामागे माणूस. या वेळी चेहरा आहे. नाक, मिशी, सगळं. मी अर्थ लावणार नाही. विचारलं, हा कोण. बाबा, म्हणाली. आठवून काढतेस का विचारलं. मान हलवली. नाही.

एक रेघ काढते, वर बघते. पुन्हा रेघ. माझ्याकडे नाही बघत. माझ्या खांद्यावरून —

समोर बघून काढतेय —

काच फुटली नाही. काढली. त्याला येते ती —

चित्रातला हात आता आत, कडीवर — तिला म्हटलं टेबलाखाली जा — नाही, टेबलाखाली नको, बाळा, टेबलाखाली नको, खिडकीतू